फुंकर घालणारी

१

गंगापूर रोडला एका फरसाणाच्या दुकानाच्या डोक्यावर ‘निखार’ नावाचं क्लिनिक आहे. खाली शेव तळतात आणि वर माणसं भाजतात, असं म्हणणारे टवाळ नाशकात कमी नाहीत. पण त्यांच्याच बायका तोंडाला स्कार्फ गुंडाळून तो जिना चढतात, आणि हल्ली तर टवाळ स्वतःही चढतात. देवानं केस वाटताना जरा आंधळेपणानंच वाटले म्हणायचे. डोक्यावर हवेत तिथं माळरान, आणि कानात, पाठीवर, ओठावर मात्र भरघोस पीक. देवाची ही चूक दुरुस्त करायचं काम स्वानंदीकडे होतं.

स्वानंदी लासलगावची. बाप कांद्याच्या मार्केटात मापारी, म्हणून कॉलेजातल्या मैत्रिणी तिला ‘कांदे’ म्हणायच्या. तिनं वर्षभराचा कोर्स केला, सर्टिफिकेट फ्रेम करून घेतलं आणि कांदे मॅडम झाली. क्लिनिकचे मालक डॉक्टर विहंग. त्यांचा मोठा दवाखाना देवळाली कॅम्पात, मिलिटरीतल्या लोकांच्या बायकापोरांचा. इथं ते आठवड्यातून एखाद-दोन वेळा यायचे, नव्या गिऱ्हाइकाची कातडी बघायचे, मशीनची पातळी किती ठेवायची ते सांगायचे, गिऱ्हाइकासोबत एक फोटो काढून घ्यायचे आणि जायचे. फोटोत गिऱ्हाइकापेक्षा डॉक्टरच गोरे दिसायचे.

काम चालायचं आतल्या खोलीत. खिडकी नाही. आरसाही नाही, कारण मशीनचा उजेड आरशावरून उसळला तर कुणाच्या तरी डोळ्यात जायचा. मधोमध कॉट, कॉटच्या अलीकडे मशीन आणि स्वानंदी, पलीकडे चाकांचं एक रेक्झिनचं स्टूल, गिऱ्हाइकाची पर्स ठेवायला. काम सुरू झालं की दार लावायचं, आणि बाहेर दारावर लाल दिवा लागायचा.

गिऱ्हाईक आडवं झालं की त्याच्या डोळ्यांवर दोन काळ्या वाट्या बसवायच्या आणि वरून पट्टी बांधायची. स्वतः हिरवा चष्मा घालायचा. त्यातून सगळं दिसतं, फक्त घातक उजेड तेवढा अडतो. एका हातात मशीनची मूठ, दुसऱ्या हातात गार हवेचा पाइप, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की टक्. एक चमक. केसाचं मूळ जळतं, कातडी पोळते, केस जळाल्याचा वास सुटतो आणि पाइपची हवा ती आग शमवते. पुन्हा टक्.

आणि मधेमधे विचारायचं, “दुखतंय का?”

हे गोड बोलण्यासाठी नव्हे बरं. कातडी कुठवर सोसेल ते मशीनला कळत नाही. ते गिऱ्हाइकालाच कळतं. ते ‘आई गं’ म्हणालं की पाय उचलायचा. लाखो रुपयांचं जर्मन मशीन, पण सगळा कारभार त्या एका ‘आई गं’वर चालतो.

२

गार हवेचं यंत्र एका सोमवारी बंद पडलं. स्वानंदीनं त्याला दोन थापट्या मारून बघितल्या, आपल्याकडं सगळ्याच यंत्रांवर तो पहिला उपचार असतो. मग डॉक्टरांना फोन लावला.

“मुंबईला पाठवून दे दुरुस्तीला,” डॉक्टर म्हणाले. “तोवर बर्फ चोळ आणि पातळी कमी ठेव. पेशंट परत नाही पाठवायचे.”

यंत्र गेलं. कोपऱ्यात त्याच्या चौकोनी बुडाचा तेवढा डाग राहिला.

त्यानंतर पहिल्या आल्या मेहरुन्निसा मॅडम. जुन्या नाशकातल्या एका शाळेत त्या गणित शिकवायच्या आणि वर्गाबाहेरही सगळ्यांची उत्तरं तपासायच्या. ओठावरची लव काढून घ्यायला त्या यायच्या. दरवेळी पहिल्या टक्‌ला “या अल्लाह” म्हणायच्या आणि दुसऱ्या टक्‌ला स्वानंदीच्या खानदानाची चौकशी करायच्या. त्या दिवशी मात्र कॉटवर गप्प पडून राहिल्या. स्वानंदीला वाटलं, झोप लागली.

“दुखतंय का, मॅडम?”

“छे.”

संपल्यावर उठून बसल्या, डोळ्यांवरच्या वाट्या काढल्या आणि पर्समधून लिपस्टिक शोधायला लागल्या.

“आज पाइप बदललात वाटतं? नेहमी कसं, रिक्षात बसल्यासारखी हवा लागते तोंडावर. आज अगदी नाजूक होती. लहानपणी हात भाजला की आमची अम्मी फुंकर घालायची ना, सेम टू सेम.”

स्वानंदीनं कोपऱ्यातल्या डागाकडं बघितलं. बर्फ सुरुवातीला एकदाच चोळला होता, त्याची काही हवा लागत नाही. मग तिनं वर एसीकडं बघितलं. एसीचं तोंड भिंतीकडं होतं.

इथं तिनं खरं सांगायला हवं होतं, की मॅडम, आज पाइप नव्हताच. पण समोर गिऱ्हाईक खूश असताना खरं बोलणारा माणूस धंद्यात टिकत नाही असं तिला शिकवलेलं होतं.

“नवीन पद्धत आहे मॅडम,” ती म्हणाली.

“मग हीच ठेवा,” मेहरुन्निसा मॅडम म्हणाल्या आणि जिना उतरून खाली शेव घ्यायला गेल्या.

३

मग सगळेच तसं म्हणायला लागले. कुणी म्हणे वाऱ्याची झुळूक, कुणी म्हणे पेपरमिंट. स्वानंदीनं एसीच्या पट्ट्या पुसल्या, दाराखालची फट बघितली, स्वतःचा श्वास रोखून बघितला. आपण वाकतो तेव्हा आपलाच श्वास लागत असेल, असं तिनं ठरवून टाकलं. ठरवल्यावर बरं वाटलं. मग तोंडाला मास्क लावून बघितला. तरीही गिऱ्हाईक म्हणालं, “वा.”

पंचवटीतला ढुंढिराज आला तेव्हा तर कहर झाला. हा पुरोहितांच्या घरातला मुलगा, दिवसभर घाटावर उघड्या अंगानं यजमानांना संकल्प सांगणारा. लग्न ठरलं आणि होणाऱ्या बायकोनं फोटोत त्याची पाठ बघितली. म्हणाली, “एवढं गालिचासारखं मला चालणार नाही.” बिचारा यजमानांच्या पिढ्यानपिढ्यांच्या पितरांना घाबरला नव्हता, हिला घाबरला.

तो पालथा पडला. डोळ्यांवर वाट्या. स्वानंदीनं काम सुरू केलं. केस राठ, पातळी जरा वर न्यावी लागली.

“दुखतंय का?”

“नाही हो, मजा येतेय,” ढुंढिराज उशीत तोंड घालून म्हणाला. “फक्त त्या काकूंना सांगा, जरा डावीकडे घाला म्हणावं.”

स्वानंदीचा पाय पेडलवर तसाच राहिला.

“कुठल्या काकू?”

“पलीकडे बसल्यात त्या. फुंकर घालतायत त्या.”

“काकू आहेत हे कशावरून कळलं?”

“अहो, आता त्यात काय कळायचं? पुरुष फुंकर घालतो तर शेगडी पेटवल्यासारखी. ही कशी... थांबून थांबून.” तो हसला. “का हो, लाजतायत का त्या?”

पलीकडे स्टूल होतं. स्टुलावर त्याची पिशवीही नव्हती, ती त्यानं खुंटीला अडकवली होती. नुसतं लाल रेक्झिन, आणि मधे खळगा पडलेली गादी. जुनी गादी आहे, खळगा पडणारच, स्वानंदी स्वतःशी म्हणाली. आणि “सांगते हं काकूंना,” असं मोठ्यानं म्हणाली, चेष्टेनं. चेष्टा केली की भीती वाटत नाही, असा तिचा समज.

बंद खोलीत तिचा आवाज जरा जास्तच वाजला. थोड्या वेळानं ढुंढिराज म्हणाला, “हां. आता बरोबर.”

संध्याकाळी झाडायला कुसाबाई आली. ही पेठकडची, चार घरची धुणीभांडी आणि चाळीस घरच्या बातम्या करणारी.

“काय गं पोरी, धंदा बसला का तुझा?”

“का गं मावशी?”

“वास नाय येत. आधी कसा, आत पाय ठेवला की कोंबडी भाजल्यावानी घाण यायची. मी उदबत्ती लावायची का नाय? आठ दिस झालं, पुडा तसाच हाय.” तिनं झाडू टेकवला. “आन हे टूल कोण वढतं गं कॉटजवळ? रोज मी भितीला लावते आन रोज तिथंच.”

स्वानंदीनं नाक ओढून बघितलं. खरंच, काहीच वास नव्हता. दिवसभर एवढे केस जाळले, ढुंढिराजचा सगळा गालिचा जाळला, आणि खोली धुतल्यासारखी स्वच्छ.

“एक्झॉस्ट चांगला चाललाय,” ती म्हणाली.

एक्झॉस्ट या खोलीला नव्हताच. पण कुसाबाईला एक्झॉस्ट म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि स्वानंदीला त्या वेळी कुणीतरी विश्वास ठेवणारं हवं होतं.

४

आता ओवीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

ओवी स्वानंदीची धाकटी बहीण. जिभेला हाड नाही, हसायला लागली की शेजारची भिंत हादरते, आणि हनुवटीला केस. म्हणजे बारीक लव नव्हे, केस. पाळी बिघडली, गोळ्या झाल्या, चौदा-पंधरा वर्षांची होती तेव्हापासून वाढले. शाळेत पोरं तिला ‘काका’ म्हणायची. ती उलट त्यांच्या मुस्काटात द्यायची आणि घरी येऊन मोरीत बसून रडायची. तेव्हापासून ओढणीचं टोक कायम हनुवटीशी.

तिला घोटीच्या एका मुलाचं स्थळ आलं होतं, सार्थक नावाच्या. त्यांची भाताची गिरणी. आत्यानं नंबर दिला आणि दोघं फोनवर बोलायला लागली. मग बोलणं थांबेनाच. तो तिला गिरणीचा आवाज ऐकवायचा, ती त्याला कांद्याचे भाव सांगायची. प्रेमात पडलेली माणसं काय वाटेल ते ऐकतात. व्हिडिओवर मात्र ओवी मोबाइल असा धरायची की नाकाखालचं काही दिसू नये. सार्थक म्हणायचा, “तू काय बुरखा घालतेस का गं?” आणि ती हसायची. आता पंधरा दिवसांनी तो आईवडलांना घेऊन लासलगावला यायचा होता.

“ताई, काहीतरी कर,” ओवी म्हणाली. ती नाशकात स्वानंदीच्या खोलीवर राहायला आली होती.

“चार वेळा केलंय की. कमी झालेत.”

“कमी झालेत म्हणजे काकाचा दादा झालाय, एवढंच.”

“सर म्हणालेत हळूहळू. तुझी कातडी सावळी आहे, ओवे. उजेड काळा रंग शोधतो. गोऱ्या माणसाच्या अंगात काळा फक्त केस असतो. तुझ्यात कातडीलाच रंग आहे. पातळी वाढवली तर केसाबरोबर कातडी भाजेल.”

“मग त्या दिवशी ब्लेड फिरवू? संध्याकाळी हिरवी सावली येते. लग्नानंतर काय करू, रोज त्याच्या आधी उठून दाढी करू?” हे बोलताना ती हसत होती. पण ओढणीचं टोक तिनं इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली. “ताई, त्याला मी आवडते. त्यानं मला अजून बघितलेलं नाही, तरी आवडते. तू फक्त एवढं कर, की बघितल्यावरही आवडीन.”

स्वानंदीच्या मनात एक विचार येऊन बसला होता. आता क्लिनिकमध्ये कुणालाच दुखत नव्हतं. मग थोडं वर न्यायला काय हरकत आहे?

५

वर न्यायच्या आधी तिनं स्वतःवर करून बघितलं. अगदीच मूर्ख नव्हती ती.

दुपारी दोन गिऱ्हाइकांच्या मधे वेळ होता. तिनं दार लावलं, कॉटवर बसली, सलवार गुडघ्यापर्यंत ओढली आणि नडगीला मूठ टेकवली. हिरवा चष्मा घालून पेडल दाबलं. टक्. असं पोळलं की डोळ्यांत पाणी आलं. फुंकर नाही, बिंकर नाही. धुराचा बारीक धागा निघाला आणि केसाचा खमंग घाण वास आला.

ती मोठ्यानं हसली. सगळे कल्पनेचे खेळ. लोकांना नवीन पद्धत आहे म्हटलं की वेदनासुद्धा थांबतात. मेहरुन्निसा मॅडमनं सुरू केलं आणि बाकीच्यांनी री ओढली.

मग तिला वाटलं, नीट करून बघावं. गिऱ्हाईक होऊन. ती आडवी झाली, चष्मा काढला, डोळ्यांवर काळ्या वाट्या चढवल्या. आत पूर्ण अंधार. खालून शेव तळल्याचा चर्र आवाज. एक गुडघा वर घेऊन चाचपडत मूठ नडगीवर, दुसरा पाय खाली सोडून पेडलवर.

टक्.

पोळलं नाही. पोळायच्या जागी गार लागलं. एक बारीक, थंड, गोल जागा, रुपयाएवढी. मग ती जागा किंचित सरकली. थांबली. पुन्हा गार.

स्वानंदी श्वास न घेता पडून राहिली. तिला आधी भीती वाटली नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. तिला बरं वाटलं. दिवसभर लोकांच्या बगला भाजणाऱ्या बाईला कुणी फुंकर घातलेली नव्हती कित्येक वर्षांत. तिनं पुन्हा पेडल दाबलं. पुन्हा गार. किती वेळा दाबलं ते तिला नंतर आठवेना. पलीकडे कुठंतरी एक चाक किरकिरलं आणि त्या आवाजानं ती एकदम उठून बसली.

वाट्या काढल्या. खोली रिकामी. स्टूल कॉटला चिकटलेलं.

नडगीवर तपकिरी चौकोनांची रांग होती, फरशी बसवल्यासारखी. डोळे उघडले तशी ती रांग भगभगायला लागली.

आता शहाण्या माणसानं काय करावं? मशीन बंद करावं, जिना उतरावा आणि शेव खात घरी जावं. पण स्वानंदीचं डोकं चालणारं होतं, आणि चालणाऱ्या डोक्याला सगळ्याची कारणं सापडतात. डोळे झाकले की मेंदू फसतो, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. चौकोन पडले कारण नडगीवर मांस कमी. स्टूल सरकलं कारण फरशी उतरती. शेवटी तिच्या हाती एवढंच उरलं की डोळे झाकलेल्याला दुखत नाही. आणि तेवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ढुंढिराजचा फोन आला. त्याच्या आईनं पाठीला तेल लावताना बघितलं म्हणे, पाठभर तपकिरी चौकोन.

“दुखतंय का?” स्वानंदीनं विचारलं.

“तिथं पडलो होतो तोवर नाही दुखलं. उठलो तशी चुरचुर सुरू झाली, घरी येईपर्यंत आग पडली. आई म्हणते भाकरी समजून कुणी भाजलं का तुला.” मग जरा खालच्या आवाजात त्यानं विचारलं, “मॅडम, त्या काकू कधी असतात? म्हणजे, परत कधी येऊ?”

त्याच्या आवाजात अशी काही आस होती की स्वानंदीनं फोन ठेवून दिला.

तिनं त्याला मलम सांगायला हवं होतं. डॉक्टरांना कळवायला हवं होतं. पण डॉक्टरांनी त्याच दिवशी खोली बंद केली असती, आणि ओवीची वेळ परवाची होती.

६

ओवी कॉटवर आडवी झाली. ओढणी काढून तिनं स्टुलावर टाकली.

“तिथं नको,” स्वानंदी म्हणाली आणि ओढणी खुंटीला अडकवली.

“का? स्टुलाला काय सोवळं आहे?”

“गप पड.”

तिनं ओवीच्या डोळ्यांवर वाट्या बसवल्या. वाट्यांखाली ओवीचं तोंड लहान मुलीसारखं दिसत होतं. हनुवटीवर हिरवट सावली. स्वानंदीनं पातळी आधी डॉक्टरांनी सांगितली तेवढी ठेवली. टक्.

“दुखतंय?”

“नाही. ताई, गार लागतंय. छान लागतंय गं.”

स्वानंदीनं पातळी एक घर वर नेली. टक्. “आता?”

“नाही.”

आणखी एक घर. “आता?”

“ताई, विचारू नकोस ना सारखं.” ओवीचा आवाज झोपाळल्यासारखा झाला होता. “ती थांबते तू बोललीस की.”

स्वानंदीनं विचारणं थांबवलं. पण हात चालू राहिला. हाताला सवय होती. हनुवटीचा डावा भाग झाला, खालचा झाला, उजवा झाला. केस खरोखर मुळासकट करपत होते, कधी नव्हे इतके स्वच्छ. स्वानंदीला सार्थकचं तोंड दिसलं, ओवीकडं बघणारं, आणि ती त्या आनंदात पुढं पुढं गेली.

मग तिचं लक्ष धुराकडं गेलं.

धूर निघत होता. केस जळाल्यावर निघतो तसाच, बारीक, निळसर. धूर वर जातो, एवढं शाळेत न गेलेल्यालाही कळतं. हा वर जात नव्हता. ओवीच्या हनुवटीवरून निघून तो आडवा वळत होता, सरळ, ताणलेल्या दोऱ्यासारखा, कॉटच्या पलीकडे. आणि स्टुलाच्या वर, बसलेल्या बाईचं तोंड असेल तेवढ्या उंचीवर, तो संपत होता. पसरत नव्हता. संपत होता.

स्वानंदीनं पेडल दाबलं. पुढचा धागा निघाला आणि तसाच ओढला गेला, थांबून थांबून, बशीतला गरम चहा माणूस कडेनं भुरकतो तसा.

ती फुंकर नव्हतीच. कुणी हवा सोडत नव्हतं. कुणीतरी ओढून घेत होतं, आणि ओढताना जवळची कातडी गार पडत होती, एवढंच.

तिनं पाय उचलला.

स्टुलाची गादी दबलेली होती. तिच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू फुगून वर आली, रेक्झिन फुस्स करून ताठ झालं.

“ताई,” ओवी म्हणाली. “थांबलीस का? ती उठली.”

७

स्वानंदीनं झडप घालून ओवीच्या डोळ्यांवरच्या वाट्या काढल्या.

पुढचं ऐकायला बरं नाही. ओवीनं डोळे उघडले, बहिणीकडं बघून हसायला तोंड उघडलं आणि त्या तोंडातून जे निघालं ते खाली फरसाणवाल्यालाही ऐकू गेलं. एवढा वेळ साठवून ठेवलेलं सगळं दुखणं एकदम तिच्या हनुवटीवर येऊन पडलं. तिथली कातडी राखाडी-पांढरी झाली होती, चौकोना-चौकोनानं, आणि कडांना फोड उठायला लागले होते.

स्वानंदीनं पाणी ओतलं. बाटल्यांवर बाटल्या. “उकळतं का ओततेस!” ओवी किंचाळली. पाणी फ्रिजमधलं होतं. स्वानंदीनं दुखण्याची गोळी दिली, ती ओवीनं ओकली. डॉक्टरांना फोन लावला.

“सर, ओवी भाजलीय. माझ्याकडनं.”

डॉक्टर विहंग एरवी बोलायला लागले की फोन गरम व्हायचा. आता त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, कुठं आणि किती. मग म्हणाले, “गार पाणी सोडत राहा. फोड फोडू नको, हात लावू देऊ नको तिला, आणि अशा अवस्थेत जिना उतरवू नको. मी इंजेक्शन घेऊन निघालो. इथनं द्वारकाच्या सिग्नलला किती वेळ जाईल सांगता येत नाही. मी जवळच्या हॉस्पिटललाही फोन करतो, कुणी लवकर येतं का बघतो.”

कुसाबाईला तिनं खाली रस्त्यावर उभं केलं, गाडी आली की वर आणायला. मग आत येऊन दार लावलं. लावायची गरज नव्हती. हाताला सवय होती.

ओवी कॉटवर तळमळत होती. तिची नखं हनुवटीकडं जात होती, स्वानंदी ती धरत होती. ओवीत बळ फार. कांद्याच्या गोण्या उचललेल्या पोरी. एकदा हात सुटला आणि एका फोडाची साल नखाबरोबर आली. असाच अजून थोडा वेळ गेला असता तर बघायला हनुवटीच उरली नसती.

“ताई, झाक. डोळे झाक माझे.”

“नाही.”

“झाक ना गं! ती घालेल. ती घालते.”

स्वानंदीनं वाट्या तिच्या डोळ्यांवर ठेवल्या. ओवी क्षणभर थांबली, कान दिल्यासारखी. मग तिचं तोंड वाकडं झालं.

“नाही घालत. तिला काही दिलंच नाहीस तू. ताई, अजून एक मार. एकच मार. मग घालेल.”

“ओवी, तिथं कातडी नाही राहिली मारायला.”

“मार!”

आणि तिनं असा हंबरडा फोडला की स्वानंदीला लहानपणीची मोरी आठवली, आणि मोरीच्या बंद दाराबाहेर उभी असलेली ती स्वतः, काही न करणारी.

पलीकडे चाक किरकिरलं. स्टूल कॉटला येऊन टेकलं होतं. गादी दबली.

स्वानंदीनं मूठ उचलली. ओवीकडं नेली नाही. स्वतःच्या डाव्या हाताची बाही वर सारली, मनगटाच्या वर, जिथं काळे केस होते, तिथं मूठ टेकवली आणि पेडल दाबलं.

टक्.

दातांवर दात आपटले. धुराचा धागा निघाला, वळला, ओवीच्या अंगावरून पलीकडे गेला आणि संपला.

ओवीचा आवाज तुटला. नखं सैल पडली. “हां,” ती म्हणाली. “हां... आली.”

थोडा वेळ खोलीत खालच्या कढईचा चर्र आवाज तेवढा होता. मग ओवीचा श्वास पुन्हा चढायला लागला, ओठ थरथरायला लागले, हात हनुवटीकडं सरकायला लागला. स्वानंदीनं मूठ एक बोटभर वर सरकवली.

टक्.

दुसऱ्या काळ्या वाट्या तिच्या बाजूलाच पडल्या होत्या. त्या डोळ्यांवर ठेवल्या असत्या तर तिलाही दुखलं नसतं. तिला ते माहीत होतं. पण मग किती झालं ते कळलं नसतं, आणि कुठं थांबायचं ते सांगणारं त्या खोलीत दुसरं कुणीच उरलं नसतं. तिनं हिरवा चष्मा नाकावर नीट बसवला आणि डोळे उघडे ठेवले.

खाली रस्त्यावर कुठंतरी हॉर्न वाजत होते. त्यातला डॉक्टरांचा कुठला ते कळत नव्हतं.

“ताई,” ओवी झोपेतल्यासारखी म्हणाली, “ती विचारतेय, अजून आहे का?”

स्वानंदीनं हाताकडं बघितलं. कोपरापर्यंत जागा होती. कोपरानंतर दंड होता. आणि दुसरा हात अख्खा होता.

“आहे म्हणावं,” ती म्हणाली, आणि पेडलवर पाय ठेवला.